बाबांना घेऊन नदीकाठी बसायचंय, नागपूरजवळ शांत जागा सांगा

वैनगंगेची लेक

नमस्कार. प्रश्न जरा लांब आहे, पण सगळं सांगितल्याशिवाय तुम्हालाही जागा सुचवता येणार नाही.

माझे बाबा 78 वर्षांचे. मूळ भंडारा जिल्ह्यातल्या पवनीचे. आयुष्यभर जिल्हा परिषदेच्या शाळेत भूगोल शिकवला. घर वैनगंगेच्या घाटापासून हाकेच्या अंतरावर. पुराच्या दिवसांत रात्री नदीचा आवाज बदलला की आजी उठून कंदील लावायची, असं ते सांगतात. आई गेल्यावर मी त्यांना नागपूरला घेऊन आले. आमचं घर अंबाझरी तलावाच्या खालच्या अंगाला, एका लेआउटमध्ये. मागच्या गल्लीपलीकडून नाग नदी वाहते. जिच्यावरून शहराला नाव पडलं ती नदी आमच्या मागच्या खिडकीतून दिसते, आणि ती खिडकी वासामुळे बाराही महिने बंद असते.

23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे तलाव ओसंडला आणि तीच नदी घरात शिरली. तळमजल्यावर कमरेइतकं पाणी. बाबांना शेजारच्या पोरांनी पाठुंगळी घेऊन वर नेलं. त्यांचं स्वतःचं असं सामान फार नव्हतंच. पण शाळेतला एक जुना नकाशा होता, महाराष्ट्राचा, कापडावर चिकटवलेला, वर-खाली लाकडी दांडी असलेला. छपाई फिकी पडली म्हणून त्यातल्या विदर्भाच्या नद्या त्यांनी स्वतः निळ्या शाईने पुन्हा गिरवल्या होत्या. चार दिवस गच्चीवर वाळवला. वैनगंगा, कन्हान, वर्धा सगळ्या एकमेकींत मिसळून एक निळसर डाग झाला होता. बाबांनी तो गुंडाळून कपाटावर ठेवला, तेव्हापासून उघडला नाही.

हल्ली ते फार बोलत नाहीत. मागच्या आठवड्यात जेवताना एकदम म्हणाले, "एखाद्या वाहत्या नदीच्या काठी नेऊन बसव ना मला. तासभर. बाकी काही नको."

तेव्हापासून शोधून राहिले. फुटाळा तलावावर नेलं, तिथे गाड्यांचे हॉर्न, भुट्टेवाले आणि फोटो काढणारे, बसायला जागा मिळेना. अंबाझरीच्या ओव्हरफ्लो पॉइंटला तर पावसाळ्यात जत्राच असते, आणि पुरानंतर त्यांना तिकडे नेणं मलाच नको वाटतं. महाराजबागेतली झाडं त्यांना आवडतात. पण बागेच्या कडेने जाते ती पुन्हा नाग नदीच. शहराबाहेरच्या एका खासगी ठिकाणाच्या जाहिरातीत 'नदीकिनारी निवांत उद्यान' असं लिहिलं होतं, माणशी बराच पैसा घेतला. नदी भिंतीच्या पलीकडे होती आणि भिंतीच्या अलीकडे दुपारी बारापासून डीजे. बाबा दोन तास कानात कापूस घालून बसले. तक्रार केली नाही, पण परतताना गाडीत डोळे मिटूनच होते.

मला हवं ते असं: गाडीने दीड-दोन तासांच्या आत. पाणी वाहतं असावं, हलताना दिसावं, आवाज यावा. सावली हवी. फार पायऱ्या नकोत, गुडघे गेलेत त्यांचे. जवळपास स्वच्छतागृह हवं. भोंगे नकोत. कामाच्या दिवशी सुट्टी काढायची माझी तयारी आहे.

---

कामठीवाला

ताई, आमच्याकडचा बिना संगम पाहा. कन्हान, पेंच आणि कोलार तिथे जवळजवळ येऊन मिळतात. दिवाळीनंतर सकाळी सात-आठला गेलात तर मासेमार आणि बगळे, बस. पाणी भरपूर दिसतं. दूरवर खापरखेड्याच्या वीजकेंद्राची धुराडी दिसतात, तेवढं चालवून घ्यावं लागेल.

पण बाग म्हणाल तर नाही. वाळूचा काठ आहे, घडीची खुर्ची न्यावी लागेल. आणि कोणालाही पाण्यात उतरू देऊ नका. रेती उपशामुळे तळाशी खड्डे झालेत, वरून गुडघाभर पाणी दिसतं आणि पुढच्या पावलाला माणूस बुडतो. दरवर्षी कोणाची तरी पोरं जातात. वाकीच्या डोहाचंही तेच. वाकीला ताजुद्दीन बाबांच्या दर्ग्यावर जरूर जा, पण नदीपासून लांब बसा.

नुसती शांत बाग चालणार असेल तर कामठीचं ड्रॅगन पॅलेस. 1999 मध्ये बांधलेलं बुद्धविहार, आवार स्वच्छ, कोणी जोरात बोलत नाही. नदी नाही तिथे, एवढंच.

---

संत्रामळा

काकाजींना धापेवाड्याला न्या. विठ्ठल-रुक्माईचं देऊळ, खाली नदी, तिचंही नाव चंद्रभागाच. म्हणूनच विदर्भाचं पंढरपूर म्हणतात. एकादशी आणि आषाढातली यात्रा सोडून गेलात तर देवळात गुरव आणि दोन-चार म्हाताऱ्या, एवढीच गर्दी. कळमेश्वरकडून जाताना दोन्ही बाजूंनी संत्र्याचे मळे आहेत, आत्ता आंबिया बहाराची तोडणी चालू आहे, काच खाली करून जा.

फक्त नदी लहान आहे. थंडी सरली की धार बारीक होते. जायचं तर आत्ताच.

---

कुहीचा माणूस

आंभोरा कोणीच कसं नाही सांगितलं? वैनगंगा, कन्हान, आम, कोलारी, मुर्झा, पाच नद्यांचा संगम. टेकडीवर चैतन्येश्वराचं देऊळ. शिवाय वैनगंगा म्हणजे तुमच्या बाबांची स्वतःचीच नदी. पुलावर काचेची गॅलरी झाल्यापासून सुट्टीच्या दिवशी नागपूरची अर्धी गर्दी तिकडेच असते हे खरं आहे. मंगळवार-बुधवारी सकाळी या. देवळाच्या पायऱ्या त्यांना झेपणार नाहीत, पण खाली पाण्याजवळ बसता येते.

आणि एक विचारू का? पवनीलाच का नाही नेत?

---

वैनगंगेची लेक

सगळ्यांचे आभार. कुहीच्या दादांनी विचारलं त्याचं उत्तर द्यायलाच हवं.

पवनीचं घर विकलं. तरी दोन वर्षांपूर्वी नेलं होतं त्यांना. घाटावर खालच्या पायरीपर्यंत हात धरून उतरवलं. बाबांनी नेहमीसारखं ओंजळीत पाणी घेतलं, नाकाशी नेलं, आणि ओंजळ उघडून सोडून दिलं. हात धोतराला पुसले. वर आल्यावर मला म्हणाले, "आपल्या मागच्या खिडकीतली नदी आहे ही."

ते रागाने नव्हते बोलत, भूगोल सांगत होते. अंबाझरीकडून येणारी नाग शहराची सगळी घाण घेऊन निघते, गोरेवाड्याकडून आलेली पिवळी नदी तिला मिळते, मग ती कन्हानमध्ये पडते. कन्हान आंभोऱ्याला वैनगंगेत. तिथून ते पाणी गोसीखुर्दच्या धरणात साठतं आणि धरणातून सुटलं की पवनीच्या घाटाखालून जातं. ज्या माणसाने त्या पाण्यात पोहायला शिकून पुढे चाळीस पोरांना पोहायला शिकवलं, तो आता नागपुरात बसून स्वतःच्या घराचं सांडपाणी आपल्या गावाला पाठवतो, हे त्यांच्या मनातून जात नाही. माझ्याही जात नाही. घरात मी नळ उगाच चालू ठेवला तरी आता मला पवनी आठवते.

म्हणून आंभोरा नको म्हणाले. बिनाचं त्यांना पटलं होतं, कारण तो संगम नाग मिळण्याच्या वरच्या अंगाला आहे, हे त्यांनीच सांगितलं. पण वाळूत चालणं त्यांना जमणार नाही.

---

सेलूकर

ताई, तुमचं वाचून मी ऑफिसातून बाहेर येऊन लिहून राहिलो.

पवनारला या. धाम नदीच्या काठी विनोबांचा आश्रम. नागपूरहून सत्तरेक किलोमीटर. बुटीबोरी, केळझर, सेलू, मग पवनार. वर्धा त्याच्या पुढे आठ-नऊ किलोमीटर. धाम वर महाकालीच्या धरणातून येते, नागपूरच्या पाण्याशी तिचा काही संबंध नाही. बाबांना हे आधी सांगा.

नदीचं पात्र काळ्या खडकाचं आहे. वाळू कमी, दगड जास्त, त्यामुळे पाणी नुसतं सरकत नाही, दगडांवरून घसरत आवाज करत जातं. पात्रातच गांधीजींच्या स्मारकाची छत्री आहे. 12 फेब्रुवारी 1948 ला त्यांच्या अस्थी तिथे सोडल्या, दरवर्षी त्या दिवशी मेळा असतो. तो दिवस टाळा. 15 नोव्हेंबर ही विनोबांची पुण्यतिथी, ते 1982 मध्ये गेले. त्या दोन-तीन दिवसांत देशभरातले सर्वोदयी येतात. वातावरण फार चांगलं असतं, पण गर्दी असते. रविवारी पुलाच्या बाजूला पोरं गाड्या लावून गाणी वाजवतात, तेही टाळा. कामाच्या दिवशी सकाळी या.

1938 मध्ये विनोबांची तब्येत पार खालावली होती, तेव्हा जमनालाल बजाजांच्या इथल्या बंगल्यावर ते राहायला आले. धामच्या पुलावरून येताना तीनदा म्हणाले, "संन्यस्तं मया." सगळ्या चिंता सोडल्या, असं. मग कुदळ घेऊन शेतात खणायला लागले आणि प्रकृती सुधारली. त्या खणण्यात जुन्या मूर्ती निघाल्या, त्यातली भरत-रामाच्या भेटीची मूर्ती आजही आश्रमात आहे. 1959 मध्ये त्यांनी तिथे ब्रह्मविद्या मंदिर सुरू केलं, बहिणींसाठी. त्या बहिणीच आजही आश्रम चालवतात. शेती, गाई, स्वयंपाक, झाडलोट, सगळं स्वतः करतात. तुम्हाला बाग हवी होती ना? ही सार्वजनिक बाग नाही, तिकीट नाही, पाळणे नाहीत. पण झाडं आहेत, भाजीचे वाफे आहेत, आणि पालापाचोळा रोज पहाटे झाडलेला असतो.

माझी आई शेवटच्या आजारात दर गुरुवारी म्हणायची, धामवर चल. मी दुकानाच्या कामात असायचो. चार वेळाच नेलं. तुम्ही न्या.

---

झाडाखाली

सेलूकरांचं सगळं खरं आहे, तरी एक विनंती करते. मी वर्ध्याची आहे. ते आश्रम आहे, लोकांची राहती जागा आहे. जाहीर लिहिलं की उद्या कोणीतरी डबे घेऊन, कागदी प्लेटा घेऊन येतो आणि खडकात टाकून जातो. पुलाकडच्या बाजूचं आम्ही पाहून राहिलो आहे. कृपया जागेचा पत्ता नकाशासकट सगळीकडे पसरवू नका.

---

सेलूकर

झाडाखाली ताई, तुमची भीती रास्त आहे. पण ज्या जागेचं नावच कोणी घेत नाही तिची काळजी घ्यायलाही कोणी उरत नाही. या ताईंसारखी माणसं तिथे आली तर आश्रमाचं काही बिघडणार नाही. आत जाताना चपला काढा, कार्यालयात सांगून जा, फोन बंद ठेवा, आणलेलं सगळं परत न्या. प्रार्थना चालू असेल तर मागे बसा. एवढं पाळा.

---

वैनगंगेची लेक

परवा बुधवारी जाऊन आलो. सविस्तर लिहिते, कारण इतक्या लोकांनी मनापासून सांगितलं.

सकाळी साडेसहाला निघालो. बुटीबोरीपर्यंत ट्रकच ट्रक. केळझरच्या पुढे कपाशी फुटलेली, वेचणाऱ्या बायका ओळीने. बाबांनी काच खाली केली. सेलूला चहा घेतला. पवनारला पोचलो तेव्हा नऊ वाजायचे होते.

आश्रमात एका वयस्कर ताईंना सांगितलं की बाबांना नदीजवळ बसायचंय. त्यांनी कुठून आलात एवढंच विचारलं. बाबा म्हणाले, "पवनी." नागपूर नाही म्हणाले. त्या हसल्या आणि म्हणाल्या, पवनीहून पवनारला.

आधी बाबा मूर्तींपाशीच थांबले. इतिहाससंशोधक डॉ. वा. वि. मिराशींनी वाकाटक राजांची राजधानी प्रवरपूर म्हणजे हेच पवनार असं मांडलं होतं, हे त्यांनी मला कॉलेजात असताना सांगितलं असणार. मी विसरले होते, ते विसरले नव्हते. पुढे रामटेकजवळच्या मनसरच्या उत्खननानंतर दुसरी मतंही आली, तेही सांगितलं. एका दगडावर बोट न टेकवता, दोन अंगुळं वरून, त्यांनी कोरलेल्या कपड्याची चुणी दाखवली. सहा वर्षांत मी त्यांना सलग इतकं बोलताना ऐकलं नव्हतं.

मग खाली उतरलो. पायऱ्या आहेत. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला काठी, प्रत्येक पायरीवर थांबून. घाई करणारं मागे कोणी नव्हतं. घडीची खुर्ची मी आधी नेऊन ठेवली होती, पण ते खुर्चीत बसले नाहीत. एका सपाट काळ्या खडकावर बसले, पाय खाली सोडून, पाण्यापासून हातभर. पाणी निवळ होतं. खडकाच्या खाचेत अडकलेलं एक वाळलं पान पाण्याच्या प्रत्येक धक्क्याला उठून उभं राही आणि पुन्हा आडवं होई. बाबा बराच वेळ तेच पाहत होते. पलीकडच्या काठाला टिटवी ओरडत होती. वरून विष्णुसहस्रनामाचा आवाज आला, बायकांचा, एका लयीत, भोंग्याशिवाय. पाण्याचा आवाज त्याच्यातून ऐकू येत होता.

मी काही बोलले नाही. तासाभराने त्यांनी काठीचं रबरी टोक ओल्या मातीत टेकवलं आणि एक रेघ ओढली.

"ही धाम," म्हणाले. "ही पुढे वणेला मिळते. वणा हिंगणघाटवरून जाऊन वर्धेला." दुसरी रेघ. "वर्धा खाली चंद्रपूरकडून." मग डावीकडून एक लांब रेघ ओढत आणली. हात थरथरत होता म्हणून रेघ वेडीवाकडी आली, तरी नदीसारखीच दिसत होती. "आणि ही आपली. चपराळ्याजवळ या दोघी मिळतात. तिथून पुढे प्राणहिता, मग सिरोंच्याला गोदावरी."

मग वाकून ओंजळ भरली. मी बघत होते. नाकाशी नेली. तोंडावर मारली, डोळ्यांना लावली. पुन्हा भरली आणि जपून परत पाण्यात सोडली. "इथलं तिकडे पाठवतो," म्हणाले.

मी तोंड वळवून घेतलं. इथे लिहितानाही हात थांबतोय.

काही कामाच्या गोष्टी, दुसऱ्या कोणाला उपयोगी पडतील म्हणून. खडक शेवाळलेले आहेत, अनवाणी जा, मोज्यांवर अजिबात नाही. साडेअकरानंतर ऊन थेट खडकावर येतं, टोपी हवी. स्वच्छतागृह वर आश्रमात आहे, त्यामुळे वयस्कर माणसाला खाली उतरण्याआधीच विचारून घ्या. खायचं काही आम्ही खाली नेलंच नाही. नंतर वर्ध्याला जाऊन गोरस भांडारातून गोरसपाक घेतला, बाबांनी गाडीतच दोन खाल्ले आणि तिसरा खिशात ठेवला.

झाडाखाली ताई, आम्ही बसलो होतो तिथे खडकाच्या फटीत कुणाचीतरी गुटख्याची पुडी आणि प्लास्टिकचा ग्लास होता. बाबांनी काठीने ओढून काढले, मी पिशवीत घालून नागपूरला आणले. पुढच्या वेळी मोठी पिशवी आणि हातमोजे नेणार आहे.

---

झाडाखाली

मी उगाच बोलले असं वाटतंय. पुढच्या वेळी याल तेव्हा इथे लिहा, मी वर्ध्याहून येईन. हातमोजे माझ्याकडे आहेत.

---

कामठीवाला

ताई, वाचून घरी सगळ्यांना वाचून दाखवलं. काकाजींना सांगा, बिनाला वाळूतून नेण्यासाठी आमच्याकडे चार जण आहेत. खुर्चीसकट उचलून नेऊ.

---

वैनगंगेची लेक

कामठीच्या दादा, सांगितलं त्यांना. "उचलून नको, पण येतो म्हणावं," म्हणाले. पेंच आणि कन्हानच्या पाण्याचा रंग मिळताना वेगळा दिसतो का, तेवढं विचारायला सांगितलंय. कोणत्या महिन्यात पाणी सगळ्यात निवळ असतं तेही कळवा.

झाडाखाली ताई, पुढच्या बुधवारी येतोय. नऊपर्यंत.